सोजरबाईचं पाणी

मुळ्यांच्या गच्चीवर सतरंजी अंथरली होती आणि तिच्या मधोमध स्टीलचे तीन तांबे ठेवले होते. तिन्ही तांब्यांच्या गळ्यात सुतळीनं पुठ्ठ्याचे तुकडे बांधले होते. एक, दोन, तीन. कोणत्या तांब्यात कुठलं पाणी आहे, हे फक्त मुळ्यांच्या सुनेला माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळू नये म्हणून मुळ्यांनी तिला खाली स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं.

"आधी सगळ्यांनी चूळ भरा," मुळे म्हणाले. "चहा पिऊन आलेल्यांनी दोनदा भरा. आणि प्यायल्यावर तोंड वाकडं करायचं नाही. शेजारच्याच्या मतावर परिणाम होतो."

"आणि मुळातच वाकडं असलं तर?" देवडीकर वहिनींनी आपल्या यजमानांकडे बघत विचारलं. गच्चीवर हशा पिकला. देवडीकर स्वतःही हसले.

अनंतराव मुळे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आमच्या विद्यानगरात घरं अकराच, पण त्या अकरांचे ते सेक्रेटरी होते आणि कुठलंही काम रीतसर केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तालुक्याच्या गावाबाहेर, कॉलेजच्या पुढे आमची वसाहत. तिथं पाण्याचे हाल पहिल्यापासूनच. नळ सहाव्या दिवशी यायचा आणि त्याला पावडरचा इतका वास असायचा की लहान मुलं नाक धरून प्यायची. वसाहतीच्या बोअरला पाणी भरपूर, पण चहा फाटायचा, डाळ शिजायची नाही आणि भांड्यांवर पांढरा थर धरायचा. म्हणून पिण्यापुरतं पाणी आम्ही सोजरबाईकडून घेत होतो.

सोजरबाईची गावाबाहेर, कापसाच्या जिनिंग कारखान्यामागं, पेरूची लहानशी बाग होती आणि बागेत विहीर. नवरा वारल्यावर ती रोज सकाळी हातगाड्यावर स्टीलच्या घागरी लावून, प्रत्येक घागरीवर धुतलेलं फडकं बांधून आमच्याकडे यायची. वसाहतीतल्या आठ घरी ती पाणी घालायची, आणि पेरूचा हंगाम सोडला तर तिचं घर त्याच आठ घरांवर चालत होतं. ती घेत होती ते पैसे कोणालाच जड नव्हते. पण त्या वर्षी बाजारात पाणी शुद्ध करण्याचं एक यंत्र बसलं आणि निळे जार घरपोच मिळू लागले. तेही फार महाग नव्हते. मुळ्यांना जार पसंत होते, कारण जारवाला पावती देत होता. तरीही माणूस न्यायाचा. ते म्हणाले, चव घेऊन ठरवू.

तेव्हा गच्चीवर आम्ही सतरा-अठरा माणसं एकेक घोट घेत होतो. पहिल्या तांब्यातला नळाचा वास लपला नाही. तिसरं पाणी गुळगुळीत होतं, तोंडात आलं आणि गेलं, कशाचीच आठवण राहिली नाही. दुसऱ्या तांब्यातला घोट घेताच माझी बायको कुमुद म्हणाली, "ही तर आपली सोजर," आणि मुळ्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो वहिनी, मतदान गुप्त आहे."

पण मग सगळेच बोलू लागले. दुसरं पाणी गोड होतं, त्याला विहिरीचा गारवा होता, घोट गिळल्यावर जीभ आणखी मागत होती. चिठ्ठ्या काढल्या तेव्हा सतरांपैकी पंधरा दुसऱ्या तांब्याच्या निघाल्या. मुळे जरा हिरमुसले, पण वहीत निकाल लिहायला त्यांनी पेन काढलं. तो त्यांनी लिहिला असता तर माझ्याजवळ आज सांगायला काही नसतं.

मी म्हणालो, "चव हा निकष होऊ शकत नाही."

मी हे का बोललो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्याला आता बावीस वर्षं झाली. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. आयुष्य पुस्तकांत गेलं आणि चार माणसांत मी सहसा बोलत नसे. सभेत मी नेहमी जिन्याजवळ बसत असे, म्हणजे उठून जाणं सोपं. त्या आठवड्यात मी पाण्यातून होणाऱ्या रोगांवरचं एक पुस्तक वाचत होतो आणि ते माझ्या डोक्यात काठोकाठ भरलेलं होतं. वाक्य तोंडातून निघून गेलं. मग सगळे माझ्याकडे वळले आणि कोणी हसलं नाही, म्हणून मी पुढं बोललो. गोड लागणारं पाणी शुद्ध असेलच असं नाही, दूषित पाण्याला बहुतेक वेळा चवही नसते आणि वासही नसतो, विहीर उघडी असेल तर तिच्यात काय काय उतरतं, असं बरंच. मग मी थांबलो.

"बघा," मुळे म्हणाले. "याला म्हणतात अभ्यास. सर, मग तपासायचं कसं?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाला एवढ्यावर सुख व्हावं हे बरं नव्हे. पण झालं. मी म्हणालो, मी बघतो.

आमच्या कॉलेजात मुनीर सर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. त्यांनी मला अंगठ्याएवढ्या तीन काचेच्या बाटल्या दिल्या. तळाशी कागदाची तपकिरी पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि दोन दिवस उबेला ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू आहेत, नाही पडलं तर नाहीत. इतकी सोपी गोष्ट. जाताना त्यांनी मला दारात थांबवून सांगितलं होतं की पाणी जिथलं तिथंच भरायचं. नळाचं नळाखाली, विहिरीचं विहिरीवर, पोहऱ्यातून थेट बाटलीत, मध्ये दुसरं भांडं नको.

नळाचं पाणी नळाखाली भरलं. जारचं जारच्या तोटीतून. तिसरी बाटली खिशात घालून मी रविवारी सकाळी सायकलवर जिनिंगच्या मागच्या वाटेनं निघालो.

पेरूच्या झाडांमधून विहीर दिसत होती. काठाच्या फरशीवर तीन बायका केस धुवत बसल्या होत्या आणि सोजरबाई रहाटावर उभी होती. त्यांच्यातल्या एकीनं मला पाहिलं, पदर सावरला आणि ती दुसरीला काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या. त्या मला हसल्या की दुसऱ्या कशाला, कोण जाणे. मी सायकलवरून उतरलो, चेन पडली आहे असं दाखवत वाकलो, न पडलेल्या चेनला लावून हात जरा काळे करून घेतले आणि परत फिरलो. बायकांच्या मधे जाऊन खिशातून बाटली काढायची आणि तिच्याच विहिरीवर तिला सांगायचं की तुझं पाणी तपासायला आलोय, हे माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

घरी आलो. कुमुद देवडीकरांकडे गेली होती. आमचा माठ खिडकीखाली तिवईवर होता आणि सकाळीच सोजरबाईच्या घागरीनं भरलेला होता. मी विचार केला, विहिरीतलं पाणी घागरीत आलं, घागरीतलं माठात आलं. पाणी तेच. मी ओगराळ्यानं पाणी काढलं आणि बाटली भरली. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: विहीर.

तिसऱ्या दिवशी सकाळी, बाटल्या उबेला ठेवल्या होत्या ते कपाट उघडलं. दोन बाटल्यांतलं पाणी जसंच्या तसं होतं. तिसरी काजळ घोटल्यासारखी काळी झाली होती.

मला आनंद झाला. हे लिहिताना हात थांबतो, पण झालं ते असं झालं. मला सोजरबाई आठवली नाही, इतकी वर्षं तेच पाणी पिऊनही आम्ही धडधाकट होतो हेही आठवलं नाही. मला फक्त एवढंच वाटलं की मी गच्चीवर म्हणालो ते खरं निघालं. ती बाटली शर्टाच्या खिशात घालून मी अंघोळीआधीच मुळ्यांकडे गेलो.

तासाभरात बाटली अकरा घरांतून फिरून आली. प्रत्येकानं ती उजेडात धरून पाहिली. देवडीकर वहिनींनी हातात घ्यायलाही नकार दिला आणि लांबूनच बघून म्हणाल्या, "पाण्याचं सोडा, भरणारे हात कुठं कुठं लागलेले असतात ते कोण बघतं." मी म्हणायला हवं होतं की बाटली हातांबद्दल काही सांगत नाही. पण त्या माझ्याच बाजूनं बोलत होत्या.

सोजरबाई नेहमीच्या वेळी आली. मुळे आपल्या फाटकापाशी उभे होते, वहिनी त्यांच्या फाटकापाशी. मी मुळ्यांच्या मागं उभा राहिलो. मुळे वाईट बोलले नाहीत, उलट फार नीट बोलले. इतकी वर्षं तुम्ही सेवा केली, आमच्या मनात काही नाही, पण तपासणीत असं असं निघालं, लहान मुलांची घरं आहेत, तेव्हा उद्यापासून नको. आणि त्यांनी बाटली पुढं केली.

तिनं पदराला हात पुसले आणि बाटली घेतली. ती उंच होती, हाडापेरानं मोठी, आणि नेहमी जरा घाईत असल्यासारखी चालायची. पण त्या बाटलीकडे ती फार वेळ बघत राहिली. तिनं ती कलती केली, परत सरळ केली. मग मुळ्यांना ओलांडून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सर, हे माझ्या पाण्याचं हाय?"

"हो," मी म्हणालो.

"तुमी सोता भरलं?"

"हो. मीच भरलं."

तिनं मान हलवली. ती भांडेल अशी मुळ्यांची अपेक्षा होती आणि त्यासाठी त्यांनी वाक्यं तयार ठेवलेली असणार, कारण ते तोंड उघडून तसेच राहिले. तिनं बाटली त्यांच्या हातात परत दिली, गाड्याकडे गेली आणि घागरींची फडकी सोडू लागली. आठही घागरी तिनं एकेक करून रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबाच्या बुडात ओतल्या. घाई केली नाही. मग रिकामा गाडा वळवून ती गेली. रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटत होत्या आणि जिनिंगच्या वळणापर्यंत तो आवाज येत होता.

"समजूतदार बाई," मुळे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून जार आले. कुमुदला ते पाणी आवडलं नाही. तिचं म्हणणं, प्यायल्यासारखंच वाटत नाही. शिवाय तिच्या मनात एक कोडं होतं आणि ती ते चार दिवस घोळवत होती. "त्या बाईच्या घागरीत तोंड दिसायचं हो," ती म्हणायची. "मी काय आंधळी आहे?" तिचा स्वतःच्या नजरेवर फार विश्वास होता आणि तो खोटा नव्हता. आमच्या घरासारखं स्वच्छ स्वयंपाकघर अकरा घरांत नव्हतं. तिच्या माठाला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे.

मुनीर सर मला ग्रंथालयात भेटले तेव्हा मी त्यांना निकाल सांगितला, जरा मिरवूनच. ते म्हणाले, "विहिरीवरूनच घेतलंत ना?"

"हो," मी म्हणालो. एकदा म्हणून झालेलं होतं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

"तरी एकदा परत घ्या. एका बाटलीवर कोणाचं पाणी बंद करू नये." त्यांनी आणखी दोन बाटल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. पाणी बंद केलं होतं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

गुरुवारी आमच्या गावचा बाजार. सोजरबाई त्या दिवशी पेरू घेऊन बाजारात बसते हे मला माहीत होतं. मी दुपारी विहिरीवर गेलो. काठ धुतलेला होता, पोहरा उलटा घालून ठेवला होता, विहिरीवर लोखंडी जाळी होती आणि जाळीवर एक पानसुद्धा नव्हतं. मी मुनीर सरांनी सांगितलं होतं तसंच केलं. पोहऱ्यातून थेट बाटलीत. दुसरी बाटली मी घरी येऊन माठातून भरली. ती का भरली ते सांगता येणार नाही. माठात आता जारचं पाणी होतं. कदाचित तोवर मला कळलेलं होतं.

शनिवारी विहिरीची बाटली स्वच्छ होती. जारच्या पाण्यानं भरलेल्या माठाची बाटली काळी होती.

मी कपाटासमोर बराच वेळ उभा राहिलो असेन. बाहेर अंगणात माझ्या गुलाबाच्या कुंड्या होत्या. त्यांना मी रोज संध्याकाळी शेणखत घालत असे, हातानंच, ढेकळं चुरून. मग खुर्चीत बसून पुस्तक उघडत असे. वाचता वाचता तहान लागली की उठायचं, डोळे पानावर आणि पेला सरळ माठात बुडवायचा, बोटांसकट. ओगराळं घ्या, ओगराळं घ्या, म्हणून कुमुद वीस वर्षं ओरडत होती. ती समोर असली की मी ओगराळं घेत असे.

आम्हाला काही झालं नाही. आमचं दोघांचं पोट त्याला सरावलेलं असेल, किंवा नशीब. पण सोजरबाईच्या पाण्यात काही नव्हतं. जे होतं ते माझ्या बोटांचं होतं.

"काय निघालं?" कुमुद मागं येऊन उभी राहिली होती. मी कपाट लोटलं.

"तेच," मी म्हणालो.

मी स्वतःला सांगितलं की हे तिच्यासाठी आहे. गोष्ट बाहेर फुटली तर देवडीकर वहिनी काय म्हणतील? गंगाखेडकरांच्या माठात शेण निघालं. कुमुदनं त्या गल्लीतून कशी मान वर करून चालायचं? हे सगळं खरं होतं. पण कुमुदला ते सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं, हेही मला माहीत होतं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या, माठ फोडला असता आणि मला हाताला धरून सोजरबाईकडे नेलं असतं. वहिनींना तीच पहिली सांगायला गेली असती. मला ते नको होतं. गच्चीवर एकदा लोकांनी माझं ऐकलं होतं. त्याच गच्चीवर उभं राहून मी चुकलो असं म्हणणं मला जमणार नव्हतं. मी काळी बाटली कॉलेजच्या मागच्या नाल्यात टाकली. स्वच्छ बाटली का कोण जाणे टाकवली नाही. ती मी ग्रंथालयातल्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आणि रोज मनात म्हणू लागलो, उद्या मुळ्यांना सांगू. ओगराळं मात्र मी त्या दिवसापासून कधी सोडलं नाही.

असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका दुपारी वाचनकक्षात कोणी नव्हतं, परीक्षा संपलेल्या होत्या. दारात चपला काढल्याचा आवाज आला. मान वर केली तर सोजरबाई. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. कपाटांकडे वर बघत, हात अंगाशी धरून ती टेबलापर्यंत आली. एवढी पुस्तकं तिनं पहिल्यांदाच पाहिली असावीत. मी बसा म्हणालो. ती बसली नाही.

मला वाटलं, हिला कळलं. आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी शपथेवर सांगेन.

"सर, एक इचारायचं व्हतं. दुसरं कोन सांगनार न्हाई."

"विचारा ना."

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आमच्या मालकाला कावीळ झाली व्हती. धा वरसं झाली आता. डॉक्टर म्हनले, पानी लई पाजा. मी पाजलं. त्यास्नी नको असलं तरी पाजलं, मांडीवर डोकं घिऊन. हेच पानी, आपल्या हिरीचं. तेच्यानंच गेले का वो ते?"

खण माझ्या गुडघ्याला लागून होता. तो ओढायचा, बाटली काढून टेबलावर ठेवायची, एवढंच काम होतं. बोलायचीही गरज नव्हती. तिनं त्या दिवशी काळी बाटली वाचली होती, ही पण वाचली असती.

मी म्हणालो, "कावीळ पाण्यातून होऊ शकते."

पुस्तकात तसं होतं. पान कोणतं तेही मी सांगू शकलो असतो.

"व्हय ना," ती म्हणाली. जणू तिला माहीतच होतं आणि ती फक्त खात्री करायला आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "मंग मी बंद केलं ते बरं केलं. घरातबी बंद केलंय. नातवंडांस्नी वेशीतल्या टाकीच्या नळाचं आनते, सकाळी दोन खेपा, दुपारी दोन. लांब पडतं, पन काय करावं. तुमचं उपकार हायेत सर. तुमी तपासलं म्हनून कळलं. न्हाईतर मी समद्या गावाला पाजत बसले असते."

मी काहीतरी पुटपुटलो. आता नक्की आठवत नाही. बहुधा, उपकार कसले, असं म्हणालो असेन.

तिनं काखेतलं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि सोडलं. आत एक पत्रा होता, तेलाचा डबा कापून ठोकून सपाट केलेला. त्याच्यावर लाल रंगाची लहानशी डबी आणि कुंचला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग, तिनं सांगितलं, जावयाकडून आणलाय.

"जिनिंगवरची मानसं येत्यात हिरीवर," ती म्हणाली. "वाटंनं जानारी येत्यात, साळंची पोरं येत्यात. मी घरी आसंल तर सांगते, पिऊ नका म्हनून. पन मी बाजाराला गेल्यावर? दोघं-तिघं आसंच पिऊन गेले परवा. माझ्या जिवाला घोर लागतो वो. हेच्यावर लिवून द्या, की पानी चांगलं न्हाई, कुनी पिऊ नका. मोठं लिवा, सडकंवरून दिसंल आसं."

टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी पत्रा त्यावर ठेवला. मी तिला म्हणालो की घाई काय आहे, एकदा पुन्हा तपासून बघू. ती म्हणाली, आता आनि काय तपासायचं, तुमी सोता भरलं व्हतं. मी कुंचला रंगात बुडवला. पुस्तकांच्या पाठींवर लिहून लिहून माझा हात बसलेला होता. पेन्सिलीनं रेषा न आखताही ओळ सरळ आली. *या विहिरीचे पाणी पिण्यास योग्य नाही. कोणीही पिऊ नये.* ती टेबलाच्या पलीकडे उभी राहून प्रत्येक अक्षर होताना बघत होती, वाचता येत असल्यासारखी. ओळ पूर्ण झाल्यावर मी कुंचला खाली ठेवला.

"वाचून दावा."

मी वाचून दाखवलं.

"आता खाली तुमचं नाव घाला."

"माझं कशाला?"

"माझं नाव घालून कोन मानंल? म्हनतील, बाईचं डोकं फिरलंय, सोन्यासारखं पानी नासवती. शिकल्याल्या मानसाचं नाव पायजे. घाला सर."

मी कुंचला उचलला. रंग थोडाच राहिला होता. डबीच्या कडेनं तो निपटून घेतला आणि खालच्या कोपऱ्यात, जरा लहान अक्षरात, लिहिलं: म. वि. गंगाखेडकर, ग्रंथपाल.

तेही तिनं वाचून घेतलं आणि मग तिचं समाधान झालं. डबी आणि कुंचला तिनं फडक्यात बांधले. पत्रा मात्र गुंडाळला नाही. रंग ओला होता, म्हणून दोन्ही हातांनी तो अंगापासून लांब धरून ती कपाटांच्या मधून दाराकडे चालू लागली. हात गुंतलेले असल्यामुळे तिला दार उघडता येईना. मी उठलो, लगबगीनं पुढं गेलो आणि ती बाहेर पडेपर्यंत दार धरून उभा राहिलो.